पंख्यामागचा कारकून

२ फेब्रुवारी

बारक्या,

तुझ्या नव्या 'परतीचं यान'चा पहिला भाग पाहिला. दुकानातल्या टीव्हीवर पाहिला, कारण घरी तो लावायला बाबांची बंदी आहे. मालकांनी आवाज वाढवला आणि सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं सांगितलं, की हे आमच्या हिच्या भावाने काढलंय. एक बाई तेव्हा डोळे तपासून घेत होत्या. तपासणीची जड चौकट नाकावर तशीच ठेवून त्यांनी मान वळवली आणि म्हणाल्या, छान चकचकीत आहे हो. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि दुसऱ्यात मी चुकीची काच घातलेली होती. तेवढी एक पसंती तुझ्या नावावर जमा धर.

आता माझं मत. तू विचारलेलं नाहीस, पण तू विचारतोस कधी?

यान किती स्वच्छ आहे रे तुझं. माणसं वर्षानुवर्षं अंतराळात भरकटलीत आणि कप्तानाच्या केसाला धक्का नाही. दर थोड्या वेळाने कुणीतरी खिडकीपाशी जाऊन डोळ्यांत पाणी आणतं, आणि आम्हाला समजलं नाही तर काय घ्या, म्हणून मागून व्हायोलिन. विनोद झाला की पात्रंच एकमेकांकडे बघून हसतात. म्हणजे आमचं कामही तीच उरकून टाकतात. आणि कारकून! अरे, यानाचं ते बोलणारं यंत्र, आपला कारकून, त्याची तू निळी बाई केलीस? हवेत तरंगणारी, मधाळ बोलणारी? यानाच्या शेपटाला आग लागलीय आणि ती म्हणतेय, "तुमच्या भावना मला समजतात." डोंबल समजतंय तिला. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

आपल्या लहानपणीच्या मालिकेतलं जुनं यान प्लायवुडचं होतं. कळफलकावर बाटल्यांची झाकणं चिकटवलेली आणि आतून बल्ब. दार सरकायचं ते पलीकडे एक माणूस दोरी ओढायचा म्हणून. एकदा तो माणूस विसरला, दार अडलं, तर कप्तान त्या दाराला पाठ लावून उभा राहिला आणि म्हणाला, "ह्यालाही कंटाळा आलाय," आणि पुढचं वाक्य बोलायला लागला. कप्तानाची खुर्ची न्हाव्याच्या दुकानातली होती. बुधवारी त्या खुर्चीत बसून तो उल्का चुकवायचा आणि शनिवारी 'टपली'त त्याच खुर्चीत बसून दाढी करून घ्यायचा. एकच स्टुडिओ, तेच पाच नट. बुधवारी जिवावर उदार झालेले, शनिवारी दोन-दोन मिनिटांची प्रहसनं करून आपल्याला लोळवणारे. टकल्या कप्तान 'टपली'तल्या सगळ्या सासवा करायचा, आणि आपल्याला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

तारे म्हणजे काळ्या पडद्याला पाडलेली भोकं. एकदा पडदा फाटला आणि एक तारा परातीएवढा झाला. तू असतास तर नवा पडदा मागवला असतास. त्यांनी पुढच्या बुधवारी कप्तानाच्या तोंडी घातलं, "तो मोठा तारा कालपर्यंत नव्हता," आणि त्या फाटक्या ताऱ्यावर महिनाभर गोष्ट चालवली. आपण दोघं पोटावर पडून, हनुवटीखाली हात घेऊन बघत होतो. मला अजून तो तारा खरा वाटतो. तुझ्या खऱ्या दिसणाऱ्या तारकापुंजातला एकही वाटला नाही.

'टपली'तली 'माफी खिडकी' तुला आठवते ना? सरकारी कचेरी. खिडकीवर पाटी, 'येथे माफी मिळेल'. एक माणूस येतो आणि म्हणतो, साहेबांनी पाठवलंय, त्यांच्या वतीने माफी मागायचीय. खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणतो, "अर्जदार स्वतः हवा." हा म्हणतो, साहेब कामात आहेत. "अर्जदार स्वतः हवा." हा म्हणतो, पत्र आणलंय, फूल आणलंय, साहेबांचा फोटो आणलाय. शेवटी खिडकीचं फळकूट खाली येतं आणि ह्याचं नाक बाहेर राहतं. तू त्या नाकावर इतका हसायचास की आई तुला उठवून पाणी पाजायची. आठ ओळींचं काम होतं. आता असलं काही लिहिता येतं का तुमच्या त्या लेखकांच्या टोळीला?

असो. तुझ्या त्या गोड आवाजाच्या सहायक बाईंनी पाठवलेला कागद पोचला. निळी बाई लोकांना आवडली नाही म्हणे, जुना कारकून परत हवा अशी ओरड आहे, तेव्हा जुन्या फितींवरून बाबांचा आवाज यंत्रात तयार करायचा आहे, तर बाबांची सही हवी. काखेत कळसा आणि गावाला वळसा. कारकुनाचा आवाज बाबांचा हे जगात तिघाचौघांना ठाऊक आहे, त्यातला एक तू. आवाजाचा नट आला नाही त्या दिवशी ध्वनिमुद्रण करणाऱ्या बाबांनी टेबलफॅन एक नंबरवर लावला, त्याच्या पाठीमागून बोलले, पुढे मायक्रोफोन ठेवला, आणि मालिका बंद पडेपर्यंत तेच बोलत राहिले. पडद्यावर नाव कधी आलं नाही. यान जळो, बुडो, प्राणवायू संपो, कारकून म्हणणार, "नोंद घेतली."

स्वतः फोन करायला तुझी जीभ झडली होती का? कागद डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली गेलाय. बाबांनीच घातला.

बाबांच्या घशाबद्दल तुला काही लिहायचं नाही अशी मला सक्त ताकीद आहे. म्हणून मी लिहीत नाही. फक्त १९ तारखेला मी दुकानातून सुट्टी घेतली आहे, आणि हॉस्पिटलची पिशवी भरून ठेवली आहे, एवढंच कळवते.

ताई


८ फेब्रुवारी

बारक्या,

तुझा निरोप मिळाला. केवढा लांबलचक, आणि कामाचं एक वाक्य. ते वाचल्यावर मी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसले. मालकांना वाटलं चक्कर आली.

तू लिहितोस, "बाबांना सांग, माझी थट्टा करणं थांबवा. नव्या यानाची जाहिरात लागली त्या दिवशी मुद्दाम फोन करून कारकुनाच्या आवाजात बोलत होते. जन्मभर तेच केलं. मी फोन ठेवला, आणि पुन्हा ठेवीन."

गाढवा. तो आवाज तसाच आहे.

बाबा पंख्यामागून बोलत नव्हते. बाबा नुसते बोलत होते. त्यांच्या घशात गाठ आहे. तुला तेच सांगायला त्यांनी फोन केला होता. तुला पहिल्यांदा सांगायचं असं ठरवून, माझ्याही आधी. नंबर फिरवला, "बारक्या, मी बोलतोय," एवढं म्हणाले, आणि तू म्हणालास, "बाबा, नक्कल पुरे. तुमचं झालं, आता आमचं होऊ द्या." त्यांनी फोन जागेवर ठेवला, चपला घातल्या आणि बाहेर गेले. ते कुठे गेले होते ते मला माहीत नाही. आल्यावर मला म्हणाले, तो कामात आहे, त्याला काही सांगायचं नाही.

आता शहाणपणा माझ्याकडे होता असं समजू नकोस. आवाज घोगरा व्हायला लागला तेव्हा मलाही वाटलं म्हातारा रंगात आलाय. जेवताना म्हणायचे, "मीठ दे," आणि तो घरघरता आवाज ऐकून मी म्हणायचे, "नोंद घेतली," आणि हसत हसत मीठ द्यायचे. असं कितीतरी दिवस चाललं. दुसऱ्या कुठल्या घरात बापाचा आवाज बसला असता तर पोरांनी डॉक्टर गाठला असता. आपल्या घरात पोरांनी टाळ्या वाजवल्या. एक दिवस त्यांनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "मी गंमत करत नाहीये गं." तेव्हा कुठे माझे डोळे उघडले. दुसऱ्यांच्या डोळ्यांचे नंबर काढते म्हणे मी.

तर ऐक. १९ तारखेला स्वरयंत्र काढणार आहेत. सगळं. घशाचे डॉक्टर चांगले आहेत, चित्र काढून समजावलं. जीव वाचेल असं ते म्हणाले, आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलंय. पण आवाज जाईल. बसेल, पडेल असं नाही, जाईल. नंतर गळ्याला लावायचं एक यंत्र मिळतं, दाढीच्या यंत्राएवढं, त्याने घरघर करत बोलता येतं.

हो, हो, मला माहीत आहे तू काय म्हणशील. शाळेचा निकाल दाखवला तेव्हा 'नोंद घेतली'. पहिलं नाटक बसवलंस तेव्हा 'नोंद घेतली'. बक्षीस मिळालं तेव्हाही पंख्यामागे जाऊन तेच. कधी पाठीवर हात नाही. तुझं खरं आहे. अख्ख्या आयुष्यात त्या माणसाने मायेची दोनच वाक्यं शिकली, एक 'नोंद घेतली' आणि दुसरं 'पोचलास की कळव'. तू घर सोडलंस त्या दिवशी दुसरं म्हणाले होते. तू पोचल्याचं कधी कळवलं नाहीस. मी त्या दिवशी तुमच्या दोघांच्या मध्ये उभी होते आणि मला दोघांनाही धरून आपटावंसं वाटत होतं.

त्या आवाजाने तुला काय ऐकवायचं आहे ते एकोणीसच्या आत ऐकून जा. नाही आलास तर माझं काही बिघडत नाही. मी रोज ऐकतेय.

ताई


१४ फेब्रुवारी

बारक्या,

ऐकावं ते नवलच. मी लिहिलं, स्वतः ये. आणि तू माणसं पाठवलीस.

सकाळी दारात गोड आवाजाच्या बाई आणि त्यांच्याबरोबर एक ध्वनिवाला, चार पेट्या घेऊन. सरांनी पाठवलंय म्हणाल्या. सर शेवटच्या भागाच्या चित्रीकरणात अडकलेत, एक दिवसाचीही सवड नाही, पण बाबांचा आवाज जपून ठेवणं किती महत्त्वाचं आहे याची सरांना पूर्ण कल्पना आहे. सर! चड्डीची नाडी मी बांधून दिलीय तुझ्या सरांची.

त्यांनी बैठकीच्या खोलीतलं घड्याळ बंद केलं, फ्रीज बंद केला, माझ्या बांगड्या काढायला लावल्या. बाबा स्वच्छ सदरा घालून बसले होते. मला वाटलं होतं हाकलून देतील, पण पेट्या उघडल्यावर चेहरा बदलला त्यांचा. मायक्रोफोन हातात घेऊन उलटसुलट केला, ध्वनिवाल्याला म्हणाले खिडकीपासून लांब ठेव, काच आवाज परत फेकते. तो बिचारा मुकाट्याने सरकला. मग त्यांच्यापुढे वाक्यांचा कागद आला. आज हवा छान आहे. मला निळा रंग आवडतो. आपण उद्या बाजारात जाऊ. असली पानंच्या पानं. यंत्राला शिकवायला लागतं म्हणे. बाबांनी तीन-चार वाचली. बाई म्हणाल्या, आता हेच जरा आनंदी होऊन वाचाल का, काका?

बाबांनी चष्मा काढला. विचारलं, तो कुठला भाग करतोय? बाई म्हणाल्या, यान घरी परत येतं तो. बाबा हसायला लागले, हसता हसता ठसका लागला, मी पाणी आणायला धावले. परत येते तो काय, ते मायक्रोफोनवर वाकून म्हणत होते, "अर्जदार स्वतः हवा."

ध्वनिवाल्याला वाटलं कागदावरचं वाक्य आहे. तो शोधायला लागला. बाई म्हणाल्या, काका, हे नाहीये यात. बाबा म्हणाले, "अर्जदार स्वतः हवा," आणि मायक्रोफोनवर वर्तमानपत्र पालथं घातलं.

पेट्या गेल्यावर मी भांडले त्यांच्याशी. चांगलंच भांडले. म्हटलं, त्याच्यावरचा राग कशावर काढताय, निदान आवाज तरी राहिला असता. त्याच्यासाठी नको, माझ्यासाठी. मी काय ऐकू एकोणीसनंतर? त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "यंत्रात ठेवून काय करू? ऐकणारा समोर नको?"

मी समोरच उभी होते. ते बोलले नाही मी, पण तुला सांगते, मला लागलं ते. इथे राहते, औषधं मोजते, डॉक्टरांच्या दारात ताटकळते ती मी, आणि ऐकणारा म्हणजे तू. तो तू, ज्याला एका दिवसाची सवड नाही, कारण त्याला लोकांना दाखवायचंय की घरी परत येणं किती हृदयस्पर्शी असतं.

जुन्या यानाचा शेवटचा भाग तरी आठवतो का तुला, की त्याचेही हक्क विकत घेऊन न बघताच ठेवून दिलास? कप्तान दमून खुर्चीत बसलाय, बाकी सगळे झोपलेत, आणि तो विचारतो, "कारकून, घर किती लांब आहे?" तेवढ्यात भाग संपला. पुढच्या बुधवारी यान नव्हतंच, मालिका बंद. वरच्यांपैकी कुणाला तरी ती पोरकट वाटली. आपण किती वाद घातलाय, कारकून काय म्हणाला असता यावर. तू म्हणायचास आकडा सांगेल. मी म्हणायचे नोंद घेतली म्हणेल. बाबांना विचारलं तर म्हणायचे, पान माझ्यापर्यंत आलंच नाही.

आता तू ते पान लिहिणार. निळ्या बाईकडून वदवून घे. तिला सगळ्यांच्या भावना समजतात.

ताई


२५ फेब्रुवारी

बारक्या,

आलास, ते बरं केलंस. जास्त हुरळून जाऊ नकोस. अठराच्या संध्याकाळी, शेवटच्या गाडीने, हातात फळांची टोपली घेऊन. ज्याला दुसऱ्या दिवसापासून नळीने जेवायचंय त्याला अननस.

तुम्ही दोघं आतल्या खोलीत दार लावून बसलात आणि मी स्वयंपाकघरात होते. मला फक्त पंखा ऐकू येत होता. तो चालू झाला, बंद झाला, पुन्हा चालू झाला. मध्येच तू मोठ्याने बोललास. मग बाबांचा हसल्याचा आवाज आला आणि मी हातातलं पातेलं खाली ठेवून तिथेच भिंतीला टेकून रडले. बाहेर आलास तेव्हा तुझं नाक लाल होतं. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही आणि आताही विचारत नाही. मला सांगण्यासारखं असतं तर दार लावलं नसतंत.

ऑपरेशन झालं, तू दोन दिवस बाकावर बसलास, परिचारिकेने तुला ओळखलं, तिला सही दिलीस. बरं वाटलं असेल. एकवीसला तू निघालास तेव्हा बाबांनी पाटीवर काय लिहिलं होतं, ते वाचलंस ना? की घाईत नुसतीच मान हलवलीस? 'पोचलास की कळव.' अक्षर वाकडंतिकडं होतं, पण मला दारातून वाचता आलं.

तू कळवलंस. मला. दोन दिवसांनी. मोबाइलवर, एका शब्दात. 'पोचलो.' वर लिहितोस, बाबांना आता फोन करून काय उपयोग, त्यांना बोलता थोडंच येणार.

त्यांचा घसा काढलाय रे. कान नाही काढले.

ताई


२२ एप्रिल

बारक्या,

काल तुझा शेवटचा भाग लागला. बाबांनी दुपारीच पाटीवर लिहिलं, 'आज ना?' मी म्हटलं, बंदी आहे ना घरी. त्यांनी पाटी पुसली आणि पुन्हा तेच लिहिलं, जास्त मोठ्या अक्षरात.

तर पाहिला. पहिली पाऊण गोष्ट नेहमीसारखीच भिकार आहे. खिडकीपाशी रडणं झालं, व्हायोलिन झालं, त्या तरुण वैमानिकाने आईच्या फोटोवरून बोट फिरवून झालं. बाबा दर थोड्या वेळाने माझ्याकडे बघून भुवई वर करत होते आणि मी मान हलवत होते. तुला शिव्या देताना आमचं छान जमतं. मग यानातली वीज गेली, ती निळी बाई विझली, आणि मी म्हटलं, चला, एक तरी बरी गोष्ट केली.

मग अंधारातून पंख्याचा आवाज आला.

मी बाबांकडे पाहिलं. ते पुढे झुकले होते. पडद्यावर कप्तान खुर्चीत बसला. न्हाव्याची खुर्ची कुठून मिळवलीस? त्याने विचारलं, "कारकून, घर किती लांब आहे?" तू व्हायोलिन घातलं नाहीस. बराच वेळ नुसता पंखा फिरत होता, अठरा तारखेला आतल्या खोलीतून ऐकलेला तोच. आणि मग आपले बाबा म्हणाले, "पोचलात की कळवा."

मला ऐकवलं नाही. मी उठून बेसिनचा नळ सोडला आणि तिथे उभी राहिले. तिथून ऐकू येतच होतं. कप्तानाने म्हटलं, "नोंद घेतली," आणि यान निघालं. अरे, इतकी वर्षं आपण भांडलो, आणि ते वाक्य रोज घराच्या दारात आपल्या तोंडावर फेकलं जात होतं. तुला सुचलं की त्यांना, ते मला माहीत नाही. त्यांनाच सुचलं असणार. तुझ्यात एवढी अक्कल नाही.

परत आले तर पडद्यावर नावं वर सरकत होती. बाबांनी हात करून मला थांबवलं. कारकुनाच्या आवाजापुढे त्यांचं नाव आलं, पूर्ण, त्यांच्या वडिलांच्या नावासकट. ते नाव निघून गेल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि पाटीवर लिहिलं, 'पंखा दोनवर होता. एकवर हवा.' तू शाबासकीची वाट बघत असशील, म्हणून सांगते, ही ती. यापेक्षा जास्त कुणालाही मिळालेली नाही. मी चाळीस वर्षं त्यांच्या घरात राहते, मलाही नाही.

आता मुद्द्याचं. गळ्याला लावायचं ते यंत्र महिन्यापूर्वीच आलंय. शिकवणाऱ्या बाई चार वेळा येऊन गेल्या. बाबांनी ते टेबलाच्या खणात टाकलं होतं, आणि मी आग्रह केला की पाटीवर लिहायचे, 'मी काय कारकून आहे?' लोक हसतील याची भीती होती त्यांना. जन्मभर गंमत म्हणून जो आवाज काढला तोच आता खरा म्हणून काढायचा, आणि पलीकडच्याला गंमतच वाटायची. एकदा वाटली होतीच ना. त्यापेक्षा पाटी बरी, असं त्यांचं म्हणणं.

काल टीव्ही बंद केल्यावर ते उठले. खण उघडला. यंत्र गळ्याला लावलं, ते घसरलं, पुन्हा लावलं. बाईंनी सांगितलं होतं की पहिल्यांदा स्वतःचं नाव म्हणायचं, सोपं जातं. आपला बाप बाईंचं ऐकणाऱ्यातला नव्हे. घरघर झाली, ओठ हलले, काही कळलं नाही. मी म्हटलं, पुन्हा. त्यांनी पुन्हा म्हटलं. आणि मला कळलं.

"पोचला का तो?"

मी म्हटलं, बाबा, त्याला जाऊन दोन महिने झाले, केव्हाच पोचलाय. त्यांनी मान हलवली, यंत्र बरोबर जागेवर दाबलं आणि स्वच्छ म्हणाले, "मला कळवलं नाही."

तेव्हा मोठे लेखक-दिग्दर्शक, ऐका. रविवारी चारनंतर मी मुद्दाम बाहेर जाणार आहे. फोनजवळ खुर्ची ओढून ठेवलीय, आणि ते आजपासूनच तिच्यात बसून बघतायत. फोन तेच उचलतील. उचलल्यावर आधी काहीच ऐकू येणार नाही, कारण यंत्र गळ्याला लावायला त्यांना वेळ लागतो. थांब. मग घरघर येईल, अगदी कारकुनासारखी.

ती नक्कल नाही. यावेळी फोन ठेवू नकोस.

ताई